एमबीबीएसला नंबर लागला, पुढे काय? दिव्यांग विद्यार्थ्यांच्या हक्काच्या ‘वाजवी सोयी’ म्हणजे नेमकं काय?

नीटचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडमध्ये चौकाचौकात होर्डिंग लागतात. मुलांचे फोटो, त्याखाली ७२० पैकी मार्क आणि क्लासचं नाव. बीड, परभणी, हिंगोली, धाराशिव अशा कितीतरी जिल्ह्यांतून मुलं डॉक्टर व्हायचं म्हणून इथे येऊन राहतात. कटऑफ, कोटा, राउंड, चॉइस फिलिंग हे शब्द इथे घराघरात कळतात.

पण याच गर्दीत काही मुलं कॅलिपर लावून क्लासला येतात. कुणाला कमी ऐकू येतं, कुणाला डिस्लेक्सिया आहे, कुणाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्यांच्या घरी दिव्यांग कोटा माहीत असतो. प्रमाणपत्र कुठे काढायचं हेही विचारपूस करून कळतं. मात्र प्रवेश मिळाल्यावर साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि एक वर्षाची इंटर्नशिप हे मूल पूर्ण कसं करणार, त्यासाठी कॉलेजने काय द्यायचं, हे फारसं कुणी सांगत नाही.

त्याचं उत्तर कायद्यात आहे. इंग्रजीतला शब्द आहे ‘रिझनेबल अकोमोडेशन’. मराठीत आपण त्याला ‘वाजवी सोयी’ म्हणूया. गेल्या काही वर्षांत सुप्रीम कोर्टाने यावर एकामागून एक निकाल दिले, आणि त्यातला सर्वात गाजलेला निकाल महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याच्या प्रकरणातला आहे. सगळं क्रमाने पाहूया.

अकोमोडेशन म्हणजे हॉस्टेल का?

नाही. अकोमोडेशन म्हटलं की आपल्याला राहण्याची खोली आठवते. इथे अर्थ वेगळा आहे. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने शिकता यावं, काम करता यावं, यासाठी व्यवस्थेत केलेला आवश्यक बदल म्हणजे वाजवी सोय.

एक साधं उदाहरण घ्या. लेक्चर हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे. व्हीलचेअर वापरणारा विद्यार्थी वर जाऊ शकत नाही. अशा वेळी लिफ्ट दुरुस्त करणं किंवा त्या बॅचचं लेक्चर तळमजल्यावर घेणं ही झाली वाजवी सोय. विषय तोच राहतो, परीक्षा तीच राहते आणि पास व्हायचे मार्कही तेच राहतात. बदलते ती फक्त तिथपर्यंत पोहोचायची वाट.

म्हणूनच आरक्षण आणि वाजवी सोय या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आरक्षणामुळे जागा मिळते. त्या जागेवर बसून शिकता यावं यासाठी वाजवी सोय लागते. ओपन मेरिटमधून आलेल्या दिव्यांग विद्यार्थ्यालाही ती मागता येते.

कायदा काय सांगतो?

संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार भारताने २००७ मध्ये मंजूर केला. त्याला धरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्याची जागा त्याने घेतली. आपल्या विषयासाठी त्यातली ही कलमं लक्षात ठेवा.

• २१ प्रकार : चालण्याचं, दृष्टीचं, श्रवणाचं अपंगत्व त्यात आहेच. शिवाय वाचा व भाषा दोष, विशिष्ट अध्ययन अक्षमता, ऑटिझम, मानसिक आजार, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हेही आहेत.

• कलम २ : वाजवी सोयीची व्याख्या इथे आहे. संस्थेवर अवाजवी बोजा पडणार नाही असे, पण आवश्यक आणि योग्य ते बदल, असा तिचा आशय आहे.

• कलम ३ : अपंगत्वामुळे भेदभाव करता येणार नाही. वाजवी सोयी मिळतील हे पाहणं सरकारचं काम आहे. वाजवी सोय नाकारणं हाही कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभावच आहे.

• कलम १६ आणि १७ : सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षण संस्थांनी इमारत, परिसर आणि सुविधा सर्वांना वापरता येतील अशा ठेवाव्यात. गरजेप्रमाणे वाजवी सोयी द्याव्यात. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक असे बदल करावेत.

• कलम ३२ : सरकारी आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी राखीव. वयातही ५ वर्षांची सवलत. हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतून ते दिलं जातं.

इथे एक बारकावा आहे. ५ टक्क्यांचं बंधन सरकारी आणि अनुदानित संस्थांना आहे. वाजवी सोयीची जबाबदारी मात्र मान्यताप्राप्त खासगी संस्थांवरही येते. त्यामुळे ‘आमचं कॉलेज खासगी आहे, हे आम्हाला लागू नाही’ असं कुणी म्हणालं, तर कलम १६ दाखवा.

मग अडचण कुठे होती? ४० टक्क्यांचा पेच

कायदा सगळ्या शिक्षणासाठी एकच आहे. पण वैद्यकीय शिक्षणासाठी नियामक संस्थेचे वेगळे निकष होते. आधीच्या मेडिकल कौन्सिलने २०१९ मध्ये नियमांत एक परिशिष्ट जोडलं. कोणत्या अपंगत्वाला किती टक्क्यांपर्यंत एमबीबीएस करता येईल, याचा तक्ता त्यात होता. पुढे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, तरी तोच तक्ता चालू राहिला.

वाचा दोषाच्या बाबतीत या तक्त्याने विचित्र कोंडी केली. अपंगत्व ४० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर शिकता येईल, पण कोटा नाही. ४० टक्के किंवा जास्त असेल तर कोट्यासाठी पात्र, पण एमबीबीएससाठीच अपात्र! कोट्याचं दार जिथे उघडायचं, तिथेच कॉलेजचं दार बंद व्हायचं.

महाराष्ट्रातल्या एका विद्यार्थ्याचं नेमकं हेच झालं. त्याचा वाचा दोष ४४ टक्क्यांच्या आसपास मोजला गेला आणि तो अपात्र ठरला. मुंबई उच्च न्यायालयात तारीख पुढची मिळाली, इकडे प्रवेशाच्या फेऱ्या चालू होत्या. म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजला वैद्यकीय मंडळ नेमून एकच गोष्ट तपासायला सांगितली : या मुलाचं बोलणं एमबीबीएस शिकण्याच्या आड येतं का? मंडळाने सांगितलं, येत नाही. १८ सप्टेंबर २०२४ ला प्रवेशाचा आदेश झाला आणि १५ ऑक्टोबर २०२४ ला सविस्तर निकाल आला.

हाच तो ‘ओंकार गोंड’ निकाल. शोधण्यासाठी क्रमांक : २०२४ आयएनएससी ७७५. त्यातले मुद्दे थोडक्यात असे :

• अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे, एवढ्यावरून कुणालाही एमबीबीएससाठी अपात्र ठरवता येणार नाही.

• मंडळाने केवळ टक्के न पाहता, हा उमेदवार अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो का, हे तपासावं.

• अपात्र ठरवलं तर त्याची कारणं लेखी द्यावीत.

• अपील ऐकणारी यंत्रणा तयार होईपर्यंत अशा निर्णयाला न्यायालयात आव्हान देता येईल, आणि न्यायालय नामांकित वैद्यकीय संस्थेकडून पुन्हा तपासणी करून घेईल.

‘दोन्ही हात शाबूत’ ही अट काय होती?

त्याच २०१९ च्या परिशिष्टात आणखी एक अट होती. चालण्या-फिरण्याचं अपंगत्व असलेल्या उमेदवाराचे दोन्ही हात शाबूत हवेत, हातांत संवेदना, ताकद आणि हालचाल पुरेशी हवी. पायाचं अपंगत्व चालेल, हाताचं नाही, असा त्याचा सरळ अर्थ. पुढच्या तीन निकालांनी या विचाराला धक्का दिला.

ओम राठोड, २५ ऑक्टोबर २०२४ : मस्क्युलर डिस्ट्रॉफी, अपंगत्व ८८ टक्के. आधीच्या तपासणीत विद्यार्थी अपात्र ठरला होता. सुप्रीम कोर्टाने दिल्लीचे डॉ. सतेंद्र सिंह यांच्याकडून स्वतंत्र अहवाल मागवला. डॉ. सिंह स्वतः पोलिओमुळे दिव्यांग आहेत आणि दिव्यांग डॉक्टरांच्या हक्कांसाठी अनेक वर्षं काम करतात. तो अहवाल स्वीकारून कोर्टाने प्रवेशाची वाट मोकळी केली. विद्यार्थ्यांसाठी सर्वात कामाचा निकाल कदाचित हाच आहे, कारण तो प्रवेशानंतरचंही बोलतो. मंडळात दिव्यांगत्व असलेला डॉक्टर किंवा तज्ज्ञ असावा, आणि कॉलेजमध्ये ‘एनेबलिंग युनिट’ असावं, ज्याच्याकडे विद्यार्थी वर्गातल्या आणि वॉर्डातल्या सोयींसाठी जाऊ शकेल, असं त्यात म्हटलं आहे.

अनमोल, २१ फेब्रुवारी २०२५ : हात आणि पाय दोन्हींत दोष असलेला हा विद्यार्थी राजस्थानातल्या सिरोहीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जाणार होता. ‘दोन्ही हात शाबूत’ ही अट राज्यघटना आणि २०१६ चा कायदा या दोहोंच्या विरोधात जाते, असं कोर्टाने स्पष्ट सांगितलं.

कबीर पहारिया, २ मे २०२५ : दोन्ही हातांची काही बोटं जन्मतः नसलेल्या विद्यार्थ्याला दिल्लीच्या एम्समध्ये प्रवेश देण्याचा आदेश झाला. वैद्यकीय आयोगाला दोन महिन्यांत नियम सुधारायलाही कोर्टाने सांगितलं.

चारही प्रकरणांत विचारला गेलेला प्रश्नच बदललेला दिसतो. आधी प्रश्न होता, ‘याला किती टक्के अपंगत्व आहे?’ आता प्रश्न आहे, ‘याला काय दिलं तर हा शिकू शकेल?’

सध्या प्रवेशाची पद्धत कशी आहे?

जुलै २०२५ मध्ये वैद्यकीय आयोगाने २०२५-२६ च्या प्रवेशांसाठी अंतरिम सूचना काढल्या. त्यांत तीन गोष्टी होत्या : यूडीआयडी कार्ड, स्वतःच्या क्षमतांविषयी उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, आणि नेमून दिलेल्या मंडळाकडून तपासणी. अंतरिम याचा अर्थ पुढे बदलू शकणाऱ्या. त्यामुळे ज्या वर्षी प्रवेश घ्यायचा, त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचायचंच. सिनियरने सांगितलेलं मागच्या वर्षीचं असू शकतं.

मराठवाड्यातल्या मुलांसाठी यात एक जास्तीचा खर्च आहे. जिल्हा रुग्णालयातून काढलेलं साधं प्रमाणपत्र कोट्याच्या प्रवेशाला पुरत नाही, तपासणी नेमलेल्या केंद्रावरच होते. राज्यातली ही केंद्रं मुंबईत आणि नागपूरला आहेत. लातूरहून मुंबई साधारण पाचशे किलोमीटर. चालायला त्रास होणारं मूल, सोबत आई किंवा वडील, रात्रीचा प्रवास, मुंबईत राहण्याची सोय, आणि हे सगळं कौन्सेलिंगच्या तारखांच्या आत. म्हणून निकालाची वाट न पाहता कागद आधीच तयार ठेवा. यूडीआयडी कार्डासाठी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करता येतो. अकरावीतच ते काम उरकलेलं बरं.

नीटच्या पेपरला काय मिळतं?

कोट्यासाठी पात्र दिव्यांग उमेदवारांना ताशी २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा वेळ मिळतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना लेखनिक घेता येतो.

२०२१ मध्ये डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला मुंबईतल्या केंद्रावर हा जादा तास दिलाच गेला नाही. पेपर तिच्याकडून वेळेत काढून घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला खडसावलं आणि तिच्यावरचा अन्याय दूर करायला सांगितलं. मात्र पुन्हा परीक्षा घ्यायला कोर्टाने नकार दिला. यातून घ्यायचा धडा : ॲडमिट कार्डावर सवलतीची नोंद आहे का, हे आधीच पाहा आणि केंद्रावर गेल्या गेल्या पर्यवेक्षकाला सांगा. वेळ गेल्यावर न्याय मिळाला तरी तो तास परत मिळत नाही.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आलेला ‘विकाश कुमार’ निकालही लक्षात ठेवा. लेखनिकाची गरज खरी असेल तर ४० टक्क्यांची अट आडवी येऊ नये, असं त्यात म्हटलं आहे.

कॉलेजमध्ये कोणत्या सोयी मागता येतात?

यासाठी ठरलेली यादी नाही, आणि तशी ती नसावीच. एकाच अपंगत्वाच्या दोन मुलांच्या गरजा वेगळ्या असू शकतात. तरी अंदाज यावा म्हणून एमबीबीएसच्या टप्प्यांप्रमाणे काही उदाहरणं.

पहिलं वर्ष, डिसेक्शन हॉल : शवविच्छेदनाचं टेबल उभं राहून काम करायच्या उंचीचं असतं. व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्याला उंची कमी-जास्त होणारं टेबल किंवा उभं करणारी व्हीलचेअर लागेल. जास्त वेळ उभं राहता येत नसेल तर उंच स्टूल पुरेल.

लेक्चर : कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पुढची जागा, शिक्षकाच्या कॉलरला लावायचा माइक, बोललेलं पडद्यावर लिहून दाखवणारं ॲप, स्लाइड आधी देणं. दृष्टी कमी असेल तर मोठ्या अक्षरातल्या नोट्स. अध्ययन अक्षमता असेल तर लेक्चर रेकॉर्ड करायची परवानगी.

वॉर्ड आणि ओपीडी : छातीचे ठोके मोठ्या आवाजात ऐकवणारा किंवा आलेख दाखवणारा इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप. ओठ पाहून समजून घेणाऱ्यांसाठी पारदर्शक मास्क. बोलताना अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला पेशंटची हिस्ट्री घ्यायला थोडा जास्त वेळ. लिफ्टजवळच्या वॉर्डात पोस्टिंग.

परीक्षा : लेखी पेपरला जादा वेळ किंवा लेखनिक. व्हायव्हामध्ये उत्तर द्यायला पुरेसा वेळ. महाराष्ट्रात या परीक्षा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात, म्हणून अर्ज कॉलेजमार्फत विद्यापीठाकडे वेळेत जायला हवा.

रजा आणि ड्युटी : थॅलेसेमिया असलेल्या विद्यार्थ्याला ठरावीक दिवसांनी रक्त चढवावं लागतं, सिकलसेलमध्ये वेदनेचा झटका येतो, मानसिक आजारात औषधांमुळे झोपेचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. उपचाराच्या दिवसाची हजेरी, रात्रीच्या ड्युटीची फेररचना, बुडालेल्या प्रॅक्टिकलची दुसरी तारीख, अशा सोयी इथे लागतात. बाहेरून काहीच दिसत नसल्याने सर्वात जास्त अविश्वास याच मुलांच्या वाट्याला येतो.

हॉस्टेल : तळमजल्यावरची खोली, पकडायला दांडी असलेलं कमोड, मेसपर्यंत रॅम्प. वर्गातल्या सगळ्या सोयी दिल्या आणि टॉयलेटच वापरता येत नसेल तर मूल दिवसभर पाणी न पिता बसतं.

यादी पुन्हा पाहिलीत तर लक्षात येईल, यातल्या बऱ्याच सोयींना पैसेच लागत नाहीत. खोली बदलणं, वॉर्ड बदलणं, स्लाइड आदल्या दिवशी पाठवणं यासाठी फक्त कुणीतरी निर्णय घ्यायला हवा.

‘पण पेशंटचं काय?’

हा प्रश्न सर्रास विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. पेशंटची सुरक्षितता कुठल्याही सोयीपेक्षा मोठीच आहे.

पण एमबीबीएस झालेला प्रत्येक डॉक्टर सर्जन होत नाही. कुणी रेडिओलॉजीत जातं, कुणी पॅथॉलॉजीत, कुणी मानसोपचारात, कुणी संशोधनात. कॉलेजमधून बाहेर पडताना कोणती कौशल्यं आलीच पाहिजेत ते अभ्यासक्रमात ठरलेलं असतं आणि परीक्षेत तपासलं जातं. वाजवी सोय त्या कसोटीत सूट देत नाही. विद्यार्थी कसोटीला उतरला नाही तर नापास होईल, इतरांसारखाच. मात्र परीक्षा द्यायच्या आधीच टक्क्यांवरून त्याला नापास करू नका, एवढंच कायद्याचं म्हणणं आहे.

आणि हे सगळं कागदावरचं नाही. मुंबईचे कॅन्सरतज्ज्ञ डॉ. सुरेश अडवाणी यांना लहानपणी पोलिओ झाला आणि ते व्हीलचेअर वापरू लागले. ग्रँट मेडिकल कॉलेजने सुरुवातीला त्यांना प्रवेश नाकारला होता. पाठपुरावा करून त्यांनी तो मिळवला. पुढे १९८३ मध्ये टाटा मेमोरियलमध्ये त्यांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट यशस्वी करून दाखवलं. या उपचाराच्या भारतातल्या पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना होते. २००२ मध्ये पद्मश्री आणि २०१२ मध्ये पद्मभूषण त्यांना मिळालं.

त्याच्याही आधीचं उदाहरण वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांचं. १९५४ च्या अपघातात मणक्याला इजा होऊन त्यांचे पाय कायमचे निकामी झाले. त्यांनी व्हीलचेअरवर बसून कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे त्या पुनर्वसन वैद्यकातल्या मोठ्या डॉक्टर झाल्या आणि १९७२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या काळात यातला कुठलाच कायदा नव्हता.

‘बोगस प्रमाणपत्रांचं काय?’

बोगस प्रमाणपत्रं निघतात, हे खरं आहे. २०२४ मध्ये पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून देशभर वाद झाला, तेव्हापासून संशय आणखी वाढला. खोट्या प्रमाणपत्रामुळे जागा जाते ती खऱ्या दिव्यांग मुलाचीच, त्यामुळे पडताळणी कडक हवी यात वाद नाही. पण पडताळणी झाल्यावरही दर वर्षी, दर विभागात, दर परीक्षेला त्याच मुलाला पुन्हा पुन्हा ‘सिद्ध कर’ म्हणणं ही पडताळणी उरत नाही, तो त्रास होतो.

मग विद्यार्थ्याने काय करायचं?

१. आपल्या गरजा आधी स्वतः लिहून काढा. ‘मला मदत हवी’ एवढं पुरत नाही. ‘मला उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून लेक्चरला उजव्या बाजूची पहिली रांग हवी’ असं नेमकं लिहा.

२. चॉइस फिलिंगआधी कॉलेज पाहा. फक्त कटऑफ पाहू नका. लिफ्ट चालू आहे का, हॉस्टेल ते हॉस्पिटल किती लांब आहे, टॉयलेट कसं आहे, तिथे शिकणाऱ्या कुणाला तरी विचारा.

३. प्रवेशाच्या दिवशीच लेखी अर्ज द्या. अधिष्ठात्यांच्या नावे दोन प्रती करा. एक द्या, दुसऱ्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. अर्जात २०१६ च्या कायद्याचं कलम १६ आणि १७, आणि ओम राठोड निकालाचा उल्लेख करा. त्याचा क्रमांक : २०२४ आयएनएससी ८३६.

४. एनेबलिंग युनिट किंवा समान संधी कक्ष कोण पाहतं ते विचारा. असा कक्ष नसेल तर ‘माझ्यासाठी संपर्क अधिकारी नेमावा’ अशी विनंती त्याच अर्जात करा.

५. तोंडी आश्वासनानंतर ईमेल करा. ‘आज आपण सांगितल्याप्रमाणे...’ अशी दोन ओळींची नोंद पुढे फार उपयोगी पडते.

६. दर वर्षी अर्ज नवा करा. पहिल्या वर्षाच्या गरजा आणि इंटर्नशिपच्या गरजा सारख्या नसतात.

नकार आला तर?

सर्वात आधी नकार लेखी मागा. बऱ्याचदा लेखी मागितल्यावरच नकाराचा विचार बदलतो.

त्यानंतर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. हे कार्यालय पुण्यात आहे आणि कायद्याने त्यांना तक्रारींची चौकशी करायचा अधिकार दिला आहे. केंद्रीय संस्थांबद्दल तक्रार असेल तर दिल्लीतल्या मुख्य आयुक्तांकडे जावं लागतं.

शेवटचा मार्ग उच्च न्यायालय. लातूर आणि नांदेड हे दोन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगर खंडपीठाच्या कक्षेत येतात, मुंबई गाठायची गरज नाही. वकिलाच्या फीमुळे अडत असेल तर हे लक्षात ठेवा : विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करायचा.

थोडक्यात

सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी कॉलेजचं फाटक उघडलं आहे. पण निकाल वॉर्डातलं टेबल खाली करत नाही आणि बंद लिफ्टही चालू करत नाही. ते काम अधिष्ठाता, विभागप्रमुख, वॉर्डन आणि वर्गातल्या मित्रांनीच करायचं आहे. या मुलांनी नीट सगळ्यांसारखीच, तेवढाच अभ्यास करून दिली आहे. सोय मागताना कुणाचे उपकार मागतोय असं वाटून घेऊ नका, कारण हा कायद्याने दिलेला हक्क आहे.

तुमच्या ओळखीत बारावीला असलेलं असं कुणी असेल, तर त्यांना दोन कामं आजच सांगा : यूडीआयडी कार्ड काढून ठेवा, आणि आपल्याला काय काय लागेल त्याची यादी लिहायला घ्या.